ओरांगोचे दर्यावर्दी पाणघोडे

समुद्रात उतरणारा पाणघोडा दिवसाउजेडी कॅमेऱ्यात पकडायचा, या एका कामासाठी प्रिती परुळेकर आफ्रिकेच्या पश्चिम टोकाला निघाली होती. आणि तिच्याबरोबर निघाल्या होत्या तिच्या शाळेतल्या भूगोलाच्या सुनेत्राबाई! वय त्रेसष्ट, डाव्या गुडघ्याला पट्टा आणि पासपोर्ट अगदी कोरा करकरीत.

ठरलं ते गिरगावात, बाईंच्या घरी, चहा पिता पिता. प्रिती नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलेली. आता ती मुलांसाठी माहितीपट करायची, आणि तिच्या नव्या मालिकेचा विषय होता किनाऱ्यावरचे छोटे देश. पहिला देश गिनी-बिसाऊ.

"बाई, तुम्ही फक्त निवेदन लिहून द्या," ती म्हणाली. "राजधानी, पिकं, प्राणी, खाणंपिणं. पाच मिनिटांचं."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "जन्मभर हेच केलं गं मी. न पाहिलेले देश फळ्यावर काढून दाखवले. आता पाहिल्याशिवाय एक ओळसुद्धा लिहायची नाही, असं ठरवलंय."

"मग चला ना माझ्याबरोबर!" प्रिती सहज बोलून गेली.

बाईंनी मात्र ते सहज घेतलं नाही. त्यांच्या बहिणीचा मुलगा अजित काजूच्या व्यापारात होता. घर दादरला, पण काजूचा हंगाम आला की त्याचा मुक्काम बिसाऊला. तिथला कच्चा काजू जहाजं भरभरून भारतात येतो, त्याच्या खरेदीसाठी. बाईंनी त्याला फोन लावला. तो आधी हसला, मग म्हणाला, "मावशी, तिकडचा समुद्र म्हणजे चौपाटी नाही हं. पण तू येत असशील, तर मी येतो बरोबर. तिथली भाषा तरी येते मला."

अशी ही तिघांची तुकडी कासाब्लांकामार्गे बिसाऊला उतरली.

महाराष्ट्रात आठ वेळा मावेल एवढा हा देश. उत्तरेला सेनेगल, दक्षिणेला गिनी नावाचाच दुसरा देश आणि पश्चिमेला अटलांटिक महासागर. जमीन इतकी सखल, की भरतीचं पाणी नद्यांमधून कितीतरी आत शिरतं आणि गोडं कुठे संपलं, खारं कुठे सुरू झालं ते कळतच नाही. माती तांबडी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काजू आणि आंबे. खाजणात बांध घालून केलेली भाताची शेतं. "अरे, ही तर रत्नागिरी!" बाई पहिल्याच दिवशी उद्गारल्या. पुढच्याच वळणावर गोरखचिंचेचं अवाढव्य झाड दिसलं, त्याच्या सावलीत अख्खा बाजार भरलेला, आणि छपरांवर काळी गिधाडं कावळ्यांसारखी निवांत बसलेली. बाईंनी रत्नागिरी मागे घेतली.

जेवायला भात आणि त्यावर दाट, तांबूस रस्सा आला. प्रितीने एक घास घेतला आणि डोळे विस्फारले. "बाई, शेंगदाण्याचा कूट! कोंबडीच्या रश्श्यात!"

"मांकारा म्हणतात त्याला," अजित म्हणाला. "आणि ते दुसरं ताडाच्या फळांचं, त्यात मासा आहे. मावशी, तुला फक्त भात आणि तळलेली केळी."

"गप रे! मासे मी खाते. फक्त शेजारी सांगू नकोस," बाई म्हणाल्या, आणि ताडाच्या फळांचा केशरी रस्सा त्यांनी दोनदा मागून घेतला.

खरी मोहीम पुढे होती. किनाऱ्यापासून दूर समुद्रात बिजागोस नावाचा बेटांचा पुंजका आहे. अठ्ठ्याऐंशी बेटं, आणि वस्ती फक्त वीसेक बेटांवर. त्यातलं ओरांगो हे दूरचं. तिथले पाणघोडे गोड्या तळ्यांत राहतात, आणि मनात आलं की खाडीच्या वाटेने सरळ समुद्रात जातात! तिथले लोक त्यांना पवित्र मानतात, मारत नाहीत. त्यांचं नाव पिस-काबालु, म्हणजे मासा-घोडा. बाईंना हे नाव फार आवडलं. जगाच्या दोन टोकांना दोन भाषांनी त्या प्राण्यात घोडाच कसा पाहिला, याचं त्यांना राहून राहून नवल वाटत होतं.

होडी लांबोडकी आणि अरुंद होती, मागे इंजिन लावलेलं. होडीवाला किंतिनु उंच आणि अबोल. वाट दाखवायला दोमिंगा होती, ओरांगोचीच, तिशीतली, मोठ्याने हसणारी. पाण्याचे पिंप, तांदूळ, कॅमेऱ्याच्या पेट्या आणि किंतिनुची चहाची कोळशाची शेगडी असं सगळं लादून ते निघाले. हवेत सहाराची धूळ तरंगत होती. सूर्य वर आला, तरी तो दुधात पडल्यासारखा फिकाच राहिला.

दुपारी संकटाने पहिली चुणूक दाखवली. खाट्! इंजिनचा पंखा वाळूत घुसला आणि होडी जागच्या जागी थांबली. धुरकटीत किंतिनुचा अंदाज चुकला होता. त्याने इंजिन वर उचललं, तिघांनी बांबूंनी रेटून पाहिलं. पण ओहोटी लागली होती आणि पाणी डोळ्यांदेखत पळत होतं. थोड्याच वेळात चहूकडे समुद्राऐवजी चिखल उरला. क्षितिजापर्यंत नुसता चमकणारा, करडा चिखल!

"आता?" प्रितीने विचारलं.

"आता चहा," अजितने किंतिनुचं उत्तर मराठीत आणलं.

शेगडी पेटली. हिरव्या चहाचा कडू-गोड घोट घेत बाई होडीच्या काठावर बसून राहिल्या. चिखल मेलेला वाटला होता, तो जिवंत होता. एकच नांगी भलतीच मोठी असलेले खेकडे बिळांतून बाहेर येऊन ती हलवत होते, जणू हजारो जण एकमेकांना निरोप देताहेत. मग पक्षी उतरले. तुतवार, कोरल, आणि लांबवर रोहितांची गुलाबी रेघ. युरोपच्या थंडीतून इथे येऊन, या चिखलावर पोट भरून, ते आता परतीच्या तयारीत होते. "शिवडीला येतात तसे!" प्रिती पुटपुटली आणि कॅमेरा फिरवत राहिली.

बाईंच्या मनात आलं, नकाशात आपण किनारा म्हणून एक रेघ काढायचो. निळं इकडे, हिरवं तिकडे. इथे तर ती रेघच जागेवर नव्हती. दिवसातून दोनदा समुद्र देश घेऊन जात होता आणि दोनदा परत देत होता.

भरतीने त्यांना उचललं, आणि दिवस मावळता मावळता ओरांगोचा किनारा लागला. गावात शिरण्याआधी तिथल्या वडीलधाऱ्या पुजारणीची परवानगी घ्यावी लागे. ती गवताच्या घागऱ्यात, झाडाखाली बसलेली होती. तांदूळ आणि ताडी तिच्यापुढे ठेवली. तिने प्रितीच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग बाईंच्या गुडघ्याकडे, आणि काहीतरी बोलली. दोमिंगा खो खो हसली.

"काय म्हणाली?" बाईंनी विचारलं.

अजित जरा संकोचला. "म्हणाली, म्हातारीला पळता येणार नाही, म्हणजे ती तरी मूर्खपणा करणार नाही. आणि अट एकच. पिस-काबालु आणि पाणी यांच्या मध्ये उभं राहायचं नाही."

दुसऱ्या दिवशी ते तळ्याकडे निघाले. आधी डोक्याएवढं गवत, मग कमरेएवढं पाणी, मग परत गवत. जळवा पायांना चिकटल्या. एका ताडाजवळ दोमिंगाने झटकन हात वर केला. सगळे थिजले. हिरव्यागार पानांतून तितकाच हिरवागार साप सरकत गेला. माम्बा! त्याची शेपटी दिसेनाशी होईपर्यंत कुणी श्वास घेतला नाही. तळ्यावर पोहोचले, तेव्हा कमळाच्या पानांमध्ये त्यांना फक्त कान दिसले. सहा जोड्या कान आणि मधूनच एक फवारा. संध्याकाळपर्यंत कानच.

"बाई, हे काय फुटेज आहे?" परतताना प्रिती वैतागली होती. "कान घेऊन मी काय करू? ही मालिका पुढे जाणार की नाही, ते या एका शॉटवर आहे."

बाई दोन पावलं मागे राहिल्या. शाळेत असतानाही प्रिती चिडली की तिला थोडं एकटं सोडावं लागे.

तिसऱ्या दिवशी दोमिंगाने किनाऱ्यावर ठसे शोधले. चार बोटांचे, ताटाएवढे. त्यांच्या शेजारून बशीएवढे. मादी आणि पिल्लू! एका अरुंद खाडीतून ती रात्री चरायला आत जायची आणि उजाडल्यावर त्याच वाटेने समुद्रात उतरायची. खाडीच्या तोंडाशी एका बाजूला होडी लावून थांबायचं, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी पहाट फिकटली, तेव्हा होडी जागेवर होती. दोन्ही बाजूंना तिवरांची दाट भिंत, मुळांवर कालवांचे धारदार थर. ओहोटी सुरू झालेली. आणि तीच ओहोटी घात करून गेली. पाण्याच्या ओढीने नांगर सुटला आणि कुणाच्या लक्षात येण्याआधी होडी फिरून खाडीच्या ऐन मध्ये आडवी झाली! समुद्राकडे जायची वाट तिने पुरती अडवली.

त्याच क्षणी खाडीच्या वळणावर पाणी फुगलं.

आधी नाकपुड्या. मग डोळे. मग काळसर-गुलाबी, ओलं, प्रचंड डोकं! तिच्या मानेला टेकून एक छोटं डोकं. मादी थांबली. तिने होडी पाहिली.

"मिळालं... मिळालं मला," प्रिती कुजबुजली. कॅमेरा तिच्या डोळ्याला होता, हात दगडासारखे स्थिर.

मादीने जबडा उघडला. तो उघडतच गेला. हाताएवढे पिवळे सुळे! घशातून आलेला आवाज होडीच्या फळ्यांतून बाईंच्या पायांत शिरला. किंतिनुने इंजिनच्या दोरीला हात घातला, तसा दोमिंगाने तो धरला. अजित दबक्या आवाजात म्हणाला, "इंजिनचा आवाज झाला, तर ती अंगावर येईल म्हणते. होडी बाजूला घ्यायची. हाताने. आत्ता!"

बांबू तीन होते. किंतिनु, दोमिंगा आणि अजित भिडले. होडी जेमतेम हलली. पाणी उतरत होतं, तळ चिखलाला लागला होता. मागे पाणी आटून खोल चिखल उघडा पडत होता, पिल्लाला घेऊन त्यातून परतणंही मादीला सोपं नव्हतं. ती एक पाऊल पुढे आली. पिल्लू किंचाळलं.

अजितने बांबू टाकला आणि बाहेर उडी मारली. मांड्यांएवढ्या चिखलात उभा राहून तो खांद्याने होडी रेटू लागला.

बाईंनी प्रितीकडे पाहिलं. तिच्या कॅमेऱ्यात या क्षणी काय दिसत असेल, ते त्यांना ठाऊक होतं. ज्यासाठी अर्धं जग ओलांडून आलो, नेमकं तेच. त्यांना ओरडायचं होतं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी पडलेला बांबू उचलला, पट्टा बांधलेला गुडघा फळीला टेकवला आणि सगळा भार त्या बांबूवर टाकला.

प्रितीने डोळा कॅमेऱ्यावरून काढला. एक क्षण, फार तर दोन. मग कॅमेरा तिने पेटीत कोंबला आणि धाडकन अजितच्या शेजारी उडी घेतली.

"एक, दोन, हेऽऽऽ!"

होडी सुटली! तिचं टोक तिवरांच्या मुळांत घुसलं, कालवांनी फळ्या ओरबाडल्या, दोघं जण काठ पकडून कसेबसे वर चढले. पाचही जण खाली वाकले. आणि मग ती गेली. हात लांब केला असता, तर पाठीला लागला असता एवढ्या जवळून. पाणी उसळलं, होडी डुलली, चिखलाचा आणि गवताचा उग्र वास आला. बाईंनी त्या पाठीवरच्या सुरकुत्या पाहिल्या. मागोमाग पिल्लू, आईच्या लाटेत ठेचकाळत, नाक वर धरून. कुणी हललं नाही. कुणी काही टिपलं नाही. खाडीच्या तोंडाशी लाटा फुटत होत्या, त्यांत ती दोन डोकी शिरली, गुप्त झाली आणि पलीकडे मोकळ्या समुद्रात पुन्हा वर आली. एक मोठं, एक छोटं.

"गेली," प्रिती म्हणाली.

तेवढ्यात अजित होडीत कोसळला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. पायाच्या घोट्याजवळ एक वेडीवाकडी जखम होती आणि तिच्यातून रक्त वाहत होतं. चिखलात दडलेल्या पाकट माशावर त्याचा पाय पडला होता! शेपटीचा विषारी काटा आत घुसला होता.

"मावशी, जळतंय गं, पाय जळतोय!"

"पाणी तापवा!" प्रिती ओरडली. "मालवणला माझ्या काकांना लागला होता. गरम पाण्यात पाय, सोसेल तेवढं गरम!" अजितच्या तोंडून शब्द फुटत नव्हते, पण दोमिंगाला भाषांतर लागलंच नाही. ती आधीच शेगडीत कोळसे फुंकत होती.

ओहोटीने होडी तिवरांत अडकवून ठेवली होती. भरतीशिवाय सुटका नव्हती. मग एकच काम उरलं. किटलीत पाणी तापवायचं, बादलीत ओतायचं, थंड झालं की पुन्हा तापवायचं. ऊन चढलं. चिलटं चावू लागली. अजित दात आवळून कण्हत होता. बाईंनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"बोलत राहा. मला या देशातल्या नद्या सांग."

"मावशी, आत्ता परीक्षा?"

"सांग."

"गेबा," तो म्हणाला. "काशेउ. कोरुबाल..." पुढचं नाव आठवेना, तेव्हा बाई त्याला मुंबईतल्या बुजलेल्या नद्यांची नावं विचारू लागल्या. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरच्या ताणलेल्या शिरा सैल झाल्या. गरम पाण्याने कळ ओसरू लागली होती. पण पाय पोटरीपर्यंत सुजला होता आणि काट्याचा तुकडा आतच असावा, असं किंतिनुचं म्हणणं पडलं.

भरती आली. होडी तरंगली. दोमिंगाने समुद्राकडे बोट दाखवून प्रितीला काहीतरी सांगितलं. अजितनेच, पडल्या पडल्या, ते मराठीत आणलं. "ती म्हणते, मादी उद्या पहाटे याच खाडीतून परत येईल. नक्की येईल." मग तो म्हणाला, "थांबा तुम्ही. मला आता बरंय. एका दिवसाने काय होतंय?"

होडी एकच होती. दवाखाना बुबाक बेटावर, अर्ध्या दिवसाच्या अंतरावर. प्रितीने खाडीकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, अजितच्या पायाकडे पाहिलं. बाई जाणूनबुजून पाण्याकडे तोंड करून बसल्या. उत्तर त्यांना येत होतं. पण ते सांगायचं नव्हतं.

"किंतिनु," प्रिती म्हणाली, "बुबाक!"

इंजिन धडधडलं. बुबाकच्या दवाखान्यात डॉक्टरांनी जखम उघडून काट्याचा तुकडा काढला. आणखी एक दिवस गेला असता, तर पाय वाचवणं अवघड होतं, असं ते म्हणाले. प्रिती बाहेर पायरीवर येऊन बसली आणि खूप वेळाने रडली. बाई तिच्या शेजारी बसल्या. कुठूनतरी काजूच्या पिकल्या बोंडांचा वास येत होता.

"बाई, फिल्ममध्ये मधोमध भोक पडलंय आता."

"पडू दे. बघू."

पावसाळा सरल्यावर गिरगावातल्या एका छोट्या सभागृहात माहितीपट दाखवला गेला. शाळेची मुलं खुर्च्यांवर पाय हलवत बसली होती. पडद्यावर तांबडी माती आली, शेंगदाण्याचा रस्सा आला, खेकडे आले, तेव्हा हशा झाला. चिखलावर उमटलेले ताटाएवढे ठसे आले. मग वळणावर एक प्रचंड डोकं वर आलं, जबडा उघडू लागला आणि चित्र एकदम हलून काळं झालं. प्रितीने तिथेच फिल्म थांबवली. दिवे लागले.

सुनेत्राबाई उठून पुढे आल्या. हातात कागद नव्हता. त्यांनी मुलांना खाडी दाखवली, ती टेबलाच्या कडेवरून. होडी कशी आडवी झाली ते स्वतः वळून दाखवलं. पाठीवरच्या सुरकुत्या सांगितल्या, वास सांगितला, अजितचा पाय सांगितला. मागच्या रांगेत अजित काठी टेकून बसला होता, त्याच्याकडे सगळी मुलं वळून पाहू लागली.

पहिल्या रांगेतल्या ओवी नावाच्या मुलीने हात वर केला. "पण ते पिल्लू समुद्रात पोचलं का?"

"पोचलं. आम्ही पाहिलं."

ओवीने हात खाली घेतला नाही. तिचं समाधान झालं नव्हतं. "म्हणजे तुम्ही एवढ्या लांब गेलात आणि नुसत्या बाजूला झालात?"

प्रिती हसली. बाईसुद्धा हसल्या. मग दोन्ही हात पुढे करून, एखादा न दिसणारा बांबू घट्ट धरल्यासारखे, त्या म्हणाल्या,

"नुसत्या नाही गं. फार जोर लावावा लागला!"